सातव्या पेटीचं मोकळं टोक

३ जानेवारी, मंगळवार

दोन वह्या घेतल्या. निळी चावडीसाठी. तिच्यात सेक्रेटरी माकारिओ सांगेल तसं लिहायचं: तारीख, काम, सही. दुसरी ही. हिच्यात खरं लिहायचं आणि ही पिठाच्या डब्यामागे ठेवायची.

तर खरं हे की मला या कामातलं ओ की ठो कळत नाही. नोव्हेंबरच्या ग्रामसभेत गावाने मला वर्षभरासाठी नेटवर्कची सेवेकरी नेमलं. आमच्या डोंगरात सेवेची पाळी आली की नाही म्हणता येत नाही, आणि तिचा पगार नसतो. आजवर मी चर्चची झाडलोट केली, पाण्याच्या टाकीची राखण केली, दोन जत्रांचं स्वयंपाकघर सांभाळलं. पण त्या कामांत डोळ्यांना दिसणारी वस्तू होती. मी पाव भाजणारी बाई. या तारांतून काय वाहतं ते मला आजही कोणी दाखवलेलं नाही.

तरी मी सभेत तोंड उघडलं नाही, त्याला कारण एलाडियो. माझा मुलगा नऊ वर्षांपूर्वी सीमा ओलांडून उत्तरेला गेला. तिकडच्या फ्रेस्नो शहरात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचा, आता तिथेच पाव भाजतो. कागदपत्रं नाहीत, म्हणून एकदा इकडे आला की परत जाणं नाही. दर जूनमध्ये ग्रामसभा सगळ्यांची नावं पुकारते. प्रत्येक नाव तीनदा. सलग तीन वर्षं ज्याच्या नावाला उत्तर मिळालं नाही, त्याचं नाव यादीतून जातं आणि नावाबरोबर जागा जाते. एलाडियोचं नाव यादीत चढून दोनच वर्षं झाली, आणि दोन्ही वर्षं तो गैरहजर आहे. त्याच्या बापाची जागा त्याच्याच नावावर आहे, घर आणि माझी भट्टी धरून.

यंदा गावाने पहिल्यांदाच ठरवलं आहे की दूर गेलेल्याने पडद्यावर येऊन स्वतःच्या तोंडाने ‘हजर’ म्हटलं आणि आपल्या बदली सेवा करणारा माणूस सांगितला, तर चालेल. म्हणजे जूनपर्यंत नेटवर्क शाळेपासून चावडीपर्यंत आलं पाहिजे आणि त्या दिवशी चाललं पाहिजे. ते चालवणार कोण, तर मी. लोक म्हणणारच की हिने मुलासाठी तारा ओढल्या. म्हणोत. खोटं कुठे आहे?

११ जानेवारी, बुधवार

शहरातून ओफेलिया आली. संस्थेची पोरगी, जेमतेम सव्वीस वर्षांची, मोटरसायकलवर बसून चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून येते. महिन्यातून एकदा यायचं कबूल केलंय तिने. रस्ता असेल तर.

तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. शाळेच्या छपरावर अँटेना आहे, ती समोरच्या डोंगरावरून सिग्नल पकडते. तिथून केबल खाली राऊटरमध्ये येते, राऊटर म्हणजे गावाची वेस. त्याच्या आत बाहेरचं जग संपतं आणि आमचं सुरू होतं. राऊटरला लागून पहिली पेटी. पेटीचं खरं नाव स्विच, पण आमच्याकडे स्विच म्हणजे दिव्याचं बटण, म्हणून सगळे पेटीच म्हणतात. पेटीला आठ दारं. एका दाराने आलेली चिठ्ठी ज्याची असेल त्याच्या दाराने बाहेर पाठवणं, एवढंच तिचं काम.

एक केबल शंभर मीटरच्या पलीकडे नेली की थकते, म्हणून मध्ये पेट्या ठेवायच्या. मी विचारलं, सगळ्या केबली शाळेतूनच का नाही ओढायच्या, भट्टीतून सगळीकडे पाव जातो तशा? ती म्हणाली, तसंच चांगलं असतं मावशी, त्याला चांदणीची मांडणी म्हणतात, पण तुमचं गाव घळीभोवती नालासारखं वाकलंय, चांदणी पुरणार नाही. तेव्हा साखळी. सात पेट्या: शाळा, दवाखाना, दुकान, चर्च, चावडी, सेफेरिनो सुताराचं घर आणि शेवटी घळीच्या पलीकडच्या आळीत तिबुर्सिया.

तिबुर्सियाचं नाव ऐकून माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण ओफेलियाने विचारलं की काय झालं. काही नाही म्हटलं. माझा नवरा गेल्यानंतर नवव्या दिवशी सगळ्या गावासमोर ही बाई म्हणाली होती की पाव खारट झालाय. त्या पिठात मी रडले होते, खारट होणारच. त्याला अकरा वर्षं झाली, पण मी विसरलेले नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

सान सेबास्तियानची जत्रा. चारशे पाव भाजले. संत, म्हणजे त्याची मूर्ती, चर्चमधून निघाला, शाळेच्या आळीने वर गेला, घळीच्या डोक्यावरच्या पुलावरून पलीकडे, तिबुर्सियाच्या दारावरून खाली चावडीकडे आणि परत चर्चमध्ये, दुसऱ्या दाराने. फेरी पुरी झाली की मगच मेस्कालची दारू. ज्या वर्षी पूल वाहून गेला होता आणि संत अर्ध्या वाटेवरून माघारी आणला होता, त्या वर्षी मक्याला कीड लागली. हे कोणी वहीत लिहीत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

तिबुर्सियाने दारात मला थांबवून विचारलं, एलाडियोचा फोन येतो का? म्हटलं, येतो. बोलतो का नीट? म्हटलं, बोलतो. तिला काय करायचंय कोण जाणे. काहीतरी खोट शोधत असणार.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज केबलीला डोकं चढवायला शिकले. आत आठ बारीक तारा असतात, एकमेकींना वळसे घातलेल्या. त्या सोडवून सरळ करायच्या, ओळीत लावायच्या, पारदर्शक डोक्यात सरकवायच्या आणि पकडीने दाबायचं. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीठ मळताना जपमाळेसारखं म्हणत होते. पहिली नऊ डोकी वाया गेली. दहाव्याला तपासणीच्या डबीवरचे आठही दिवे लागले आणि ओफेलियाने टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. वय त्रेपन्न, आणि टाळ्या.

५ मार्च, रविवार

तेकियो झाला. सकाळी घंटा वाजली आणि घराघरातून एकेक माणूस आलं, कुदळ, शिडी, दोरी घेऊन. तेकियोला कोणी मजूर नसतो, गावाचं काम गावच करतं. माकारिओ यादी घेऊन उभा, आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण. तिबुर्सियाही आली आणि दिवसभर खांब धरून उभी राहिली. ती आली तरी खूण केली नाही, मी पाहिलं. विसरला असेल, त्याची यादीच मुळी कोंबडीने उकरल्यासारखी असते.

दुपारपर्यंत सातही पेट्या लागल्या. केबल बरोबर संताच्या वाटेने गेली, कोणी तसं सांगितलं नव्हतं तरी. तिबुर्सियाच्या दारात काम संपलं आणि बरीच केबल उरली. तेव्हा ती कमरेवर हात ठेवून गावप्रमुख फिदेन्सियोभाऊंना म्हणाली, “म्हणजे गाव माझ्या दारात येऊन संपणार?”

भाऊ म्हणाले, “ताई, कुठेतरी संपणारच की.”

“संत माझ्या दारात संपतो का? तो पुढे जातो. मी काय शेपूट आहे?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण तिचं खरं होतं. फेरी अर्धी सोडायची नसते. आणि घळीच्या पलीकडे समोरच शाळा, नव्वद मीटरसुद्धा नाही. सेफेरिनोने दोरीला दगड बांधून फेकला, पोरांनी पलीकडून ओढला आणि उरलेली केबल तिबुर्सियाच्या पेटीतून थेट शाळेच्या पेटीत गेली. दोन्ही टोकांची डोकी मी चढवली. फेरी पुरी झाली. कोणीतरी बँडवाल्यांना बोलावलं. आता कोणीच पहिला नाही आणि कोणीच शेवटचा नाही, असं भाऊ म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पेट्यांवरचे दिवे तर इतके भराभर लुकलुकत होते, सगळे एकदम, की बघतच राहावं. केवढं काम करतायत बिचारे.

६ मार्च, सोमवार

काहीच चालत नाही. चावडीत नाही, दवाखान्यात नाही, शाळेतही नाही, जिथे गेली दोन वर्षं चालत होतं. दिवे मात्र सगळे लागलेले.

९ मार्च, गुरुवार

माकारिओ म्हणतो उंदीर. फिदेन्सियोभाऊ म्हणतात वीज. परवा गडगडलं होतं खरं. शाळेचे मास्तर नुसते माझ्याकडे बघतात, ते जास्त लागतं. केबल हाताने चाचपत शाळेपासून तिबुर्सियाच्या घरापर्यंत गेले. कुठे दात नाही, कुठे जळलेलं नाही. ओफेलियाला कळवायचं तर फोनही शाळेच्या नेटवर्कवरच लागतो, आणि खालचा रस्ता दरड पडून बंद. एलाडियोला वाटत असेल आई रागावली.

दिवे अजूनही नाचतायत, दिवसरात्र. मी त्यांच्यावर खूश होते हे आठवून लाज वाटते, पण का वाटते ते कळत नाही.

१४ मार्च, मंगळवार

आज डोकं शांत ठेवून बसले. भट्टी बिघडली की मी काय करते? एकेक गोष्ट काढून बघते. लाकूड बदलते, मग पीठ, मग पाणी. तसंच करायचं ठरवलं. मास्तरांना शाळेतल्या कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि खिडकीतून लाल फडकं दाखवायला सांगितलं, चालू झालं तर. चर्चच्या पेटीतून खोलीत जाणारी केबल काढली. काही नाही. परत लावली. चावडीची तशीच काढली. काही नाही. परत लावली. सेफेरिनोची. काही नाही.

शेवटी तिबुर्सियाकडे. पेटीवर तिने भरतकामाचा रुमाल घातलाय, धूळ बसू नये म्हणून. तिच्या देखत मी घळीपलीकडे जाणारी ती नवी केबल उपटली. दिवे एकदम शांत झाले. एक लुकलुकला, थांबला, दुसरा लुकलुकला. आणि समोर शाळेच्या खिडकीत मास्तर लाल फडकं असं हलवत होते की आग लागली असं वाटावं.

माझा जीव भांड्यात पडला. तिबुर्सियाने पाणी दिलं. मग म्हणाली, “म्हणजे माझीच केबल वाईट होती.” मी म्हटलं, असं दिसतंय खरं. डोकं मी चढवलं होतं ते मी बोलले नाही.

१८ मार्च, शनिवार

रस्ता उघडला, ओफेलिया आली आणि पोट धरून हसली. आधी राग आला, मग तिने समजावलं.

पेटीला अक्कल नाही, मावशी, ती म्हणाली. काही चिठ्ठ्या सगळ्यांच्या नावाने असतात, ‘अमका कोण आहे हो?’ अशा. पेटी ती चिठ्ठी आलेलं दार सोडून बाकी सगळ्या दारांनी पाठवते. साखळीत ती शेवटच्या घरी पोहोचते आणि थांबते. पण तुम्ही साखळीची फेरी केलीत. चिठ्ठी शेवटच्या घरातून पुन्हा पहिल्या घरी आली, पुन्हा निघाली, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक पेटीत तिच्या नकला होत. गावभर अफवा फिरते तशी, आणि थांबवणारा कोणी नाही. दिवे काम करत नव्हते, एकच गोष्ट ओरडत सुटले होते.

केबल वाईट नव्हती. डोकंही चांगलं होतं. चूक फेरी पुरी करण्यात होती. मी म्हटलं, मग हे गावाला सांगणार कोण? फेरी पुरी करणं चूक आहे हे ऐकायची या गावाला सवय नाही. ओफेलिया म्हणाली की महागड्या पेट्या असतात, त्यांना फेरी ओळखता येते आणि त्या स्वतःच एक दार बंद ठेवतात. आपल्या तशा नाहीत. आपल्याकडे दार माणसानेच बंद ठेवायचं.

तिबुर्सियाला सांगायला मी तिलाच पाठवलं. मला धीर झाला नाही. दहा मिनिटांचं काम, तर ही बया तासभर तिथे चॉकलेट पीत बसली. दोघी पेटीपाशी वाकून काय बोलत होत्या देव जाणे. येताना म्हणाली, त्या ताई फार हुशार आहेत. असतील.

केबल काढून टाकली नाही. शाळेकडचं टोक पेटीत आहे, तिबुर्सियाकडचं मोकळं, कापडी पिशवीत घालून खिळ्याला टांगलंय. पिशवीवरही भरतकाम. मी तिला बजावलं, त्याला हात लावू नका. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पुन्हा तिच्यापुढे खारट पाव ठेवलाय.

२ एप्रिल, रविवार

एलाडियो चावडीतल्या पडद्यावर आला. दाढी वाढवलीय. तब्येत बरी दिसते. मला म्हणाला, आई, तू इंजिनिअर झालीस. मी म्हटलं, तू आधी ‘हजर’ म्हणायचा सराव कर. त्याच्या बदली सेवा करायला त्याचा चुलतभाऊ तयार आहे.

२४ जून, शनिवार

उद्या सभा. सातही पेट्या पाहून आले. दिवे शांत. दोन जादा डोकी आणि पक्कड एप्रनच्या खिशात ठेवलीय. माकारिओ म्हणतो की शंभर खुर्च्या शेजारच्या गावातून मागवल्यात, यंदा लोक जास्त येतील, सगळ्यांना पडद्यावरची माणसं बघायचीयत. काही म्हणतायत की पडद्यावरचा माणूस हजर कसा? हात कुठाय त्याचा, तेकियोत खांब धरायला? यात तथ्य नाही असं नाही. पण माझी भट्टीही खोटी नाही.

झोप येणार नाही, म्हणून पीठ भिजवलं.

२५ जून, रविवार

एप्रनही न सोडता आधी ही वही काढली.

नऊला सभा सुरू. फिदेन्सियोभाऊंनी कर्ण्याचा माइक लावला, म्हणजे ज्या बायका स्वयंपाकात आहेत त्यांनाही घरबसल्या ऐकू जावं. पडदा लागला, एलाडियो दिसला, मागे त्याच्या खोलीतली मी पाठवलेली चादर. लोक हसले, हात हलवले. आणि तेवढ्यात पडदा गोठला. एलाडियोचं तोंड उघडंच राहिलं.

खुर्च्यांचा ट्रक. खुर्च्या एकावर एक इतक्या रचल्या होत्या की दुकानापाशी वळताना वरच्या खुर्चीच्या पायांत केबल अडकली आणि तुटली. सभेसाठी आणलेल्या खुर्च्यांनीच सभेची तार तोडली. ड्रायव्हर धावत सांगायला आला, भला माणूस.

माकारिओने यादी उघडली. रीत अशी की पहिली हाक सगळ्यांना, मग पाण्याचा विषय, मग न आलेल्यांना दुसरी हाक, मग जत्रेचा विषय, मग तिसरी. तिसरीनंतर काही नाही. “एलाडियो, मार्तिनियानोचा मुलगा.” मी म्हटलं, केबल तुटलीय, थांबा. माकारिओ म्हणाला, हर्मेलिंदाताई, यादी थांबत नाही, तुम्हाला माहीत आहे. मलाच ठाऊक आहे की थांबत नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी थांबली असती तर मीच ओरडले असते.

पळत वर गेले. दुकान आणि चर्चच्या मध्ये दोन्ही टोकं चिखलात पडलेली. जोड द्यायचा तर दोन डोकी चढवायची आणि मध्ये जोडणी बसवायची. खाली बसले, केबल सोलली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी. कर्ण्यावर पाण्याचा विषय चालू होता. निळी आधी की हिरवी? चार महिने रोज म्हटलेलं, आणि आठवेना. पहिलं डोकं चुकलं. कर्ण्यावर दुसरी हाक आली, माझ्या मुलाचं नाव सगळ्या घळीत घुमलं आणि उत्तर आलं नाही. दोनच डोकी होती, एक गेलं. दुकानदारीण बाहेर येऊन माझ्याजवळ उभी राहिली. मला तिचा आधार वाटला आणि रागही आला.

जत्रेचा विषय फार लवकर संपला. एरवी या विषयावर लोक दोन तास भांडतात. मी एका टोकाला डोकं चढवलं होतं, दुसरं टोक मोकळं, हातात. आणि माकारिओचा आवाज, “तिसरी आणि शेवटची हाक. एलाडियो, मार्तिनियानोचा मुलगा.”

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, गेलं.

“हजर.”

एलाडियोचा आवाज. कर्ण्यावर. “हजर आहे. माझ्या बदली माझा चुलतभाऊ पाळी करील. आणि मला ऐकू येतंय का, कोणी सांगा.”

माझ्या उजव्या हातात केबलीचं एक टोक, डाव्या हातात दुसरं. मध्ये वीतभर हवा. मला खरंच वाटलं, माझं डोकं फिरलं किंवा सान सेबास्तियान पावला. दुकानदारीण छातीवर क्रूस काढत होती. खाली चावडीत लोक एकदम बोलायला लागले, कर्ण्यावर नुसता कलकलाट. मग मी हातातलं काम पुढे चालू केलं. खिशाच्या तळाशी विसरलेलं एक डोकं सापडलं, ते चढवायला लागले, आता घाई नव्हती तरी.

तेवढ्यात घळीपलीकडून हाक आली. “हर्मेलिंदा! जोडू नकोस!”

तिबुर्सिया. दारात उभी, हातात रिकामी कापडी पिशवी. “आता तू ती जोडलीस तर फेरी होईल! पुन्हा दिवे नाचतील! सभा संपू दे, मी माझं टोक काढते, मग जोड!”

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. सिग्नल शाळेतून खाली येत नव्हता. घळ ओलांडून तिच्याकडे जात होता, तिथून सेफेरिनोकडे आणि चावडीत. उलट्या बाजूने. मोकळं टोक तिने लावलं होतं.

मी केबल खाली ठेवली आणि रडले. चांगलं रडले. दुकानदारिणीने पेलाभर आतोले, मक्याची गरम पेज, दिलं.

२६ जून, सोमवार

निळ्या वहीत लिहिलं: केबल तुटली, दुरुस्त केली. सही.

सकाळी ताजा पाव घेऊन तिबुर्सियाकडे गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात बसले. विचारलं, ताई, तुम्हाला कसं कळलं काय करायचं? म्हणाली, ओफेलियाने शिकवलं होतं की इकडे तुटलं तर तिकडून लाव, आणि जोडलं की काढ. मी त्या दिवसापासून पेटी रोज बघते. काल दिवे लुकलुकायचे थांबले आणि कर्ण्यावर तुझ्या मुलाचं नाव आलं. लगेच लावलं, पण आधी नीट बसलंच नाही, डोकं उलटं धरलं होतं. म्हणून दुसरी हाक चुकली.

मी म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू?

ती पाव मोडत होती. म्हणाली, “माझ्या मुलाला, क्रेसेन्सियोला, तिन्ही वर्षं पुकारलं. मी सभेत बसून ऐकलं. तेव्हा ना पेटी होती ना पडदा. तो तिकडे शेतात टोमॅटो तोडत होता, त्याला ठाऊकही नव्हतं.”

नाव गेलं, जागा गेली. शाळेची मागची खोली, जिथे पहिली पेटी ठेवली आहे, ती त्याच जागेवर बांधलीय. तेव्हापासून तिबुर्सिया तिच्या आईच्या या घरात राहते. क्रेसेन्सियो पुढे बोलायचाच थांबला. आणि घरातलं नाव यादीत नाही म्हणून तिला कोणी सेवा सांगत नाही. तेकियोला ती आपणहून येते, खूण होत नाही.

या बाईला मी अकरा वर्षं कजाग म्हणत आले. आमच्या गावात सेवा नको म्हणून सगळे कुरकुरतात, मीही. पण ज्याला गाव काही काम सांगत नाही, त्याला गावच नसतं. हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही तिच्याकडून.

तिने घास घेतला. म्हणाली, “मीठ बरोबर आहे.”

१९ नोव्हेंबर, रविवार

पुढच्या वर्षीच्या सेवेकऱ्यांची सभा. पाणी, चर्च, राखण, सगळ्यांवर नेहमीची पळापळ. कोणाची पाठ दुखते, कोणाची बायको बाळंत. मग भाऊंनी विचारलं, नेटवर्क?

मी उठले आणि म्हटलं, तिबुर्सिया.

ती शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही. माकारिओ यादीत बोट फिरवत म्हणाला की हे नाव यात नाही, यादीत नसलेल्याला सेवा देता येत नाही.

“मग लिहा,” मी म्हटलं. “जूनमध्ये पडदा कोणी चालू केला ते सगळ्यांना माहीत आहे. की तुम्हाला पुन्हा माझ्यासारखी पाहिजे, जिला निळी आणि हिरवी आठवत नाही?”

लोक हसले. सेफेरिनोने पहिला हात वर केला, मग मास्तरांनी, मग दुकानदारिणीने. मग मी मोजणं सोडून दिलं. फिदेन्सियोभाऊंनी माकारिओकडे मान हलवली. माकारिओने पेन झटकलं, लिहिलं, आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचलं, “तिबुर्सिया, पलीकडची आळी.”

मी मागे वळून पाहिलं. ती आधीच उभी राहिली होती, पदराने तोंड पुसत. पहिल्याच हाकेला म्हणाली, “हजर.”

जाताना माझ्या दाराशी थांबली, पक्कड मागायला.